नव्या रेंजवरचं करपलेलं दूध

१

नंदन आणि चित्राच्या नव्या घरात गॅसची लाइन जोडायला आलेल्या माणसाने रेंजच्या, म्हणजे खाली ओव्हन असलेल्या गॅसच्या शेगडीच्या, पुढच्या बर्नरचं झाकण उचललं, खाली टॉर्च मारला आणि विचारलं, "ही तुम्ही नवी म्हणून घेतलीत?"

झाकणाखाली तपकिरी, करपलेला थर होता. मग त्याने ओव्हन लावून पाहिला. ओव्हन ढिम्म. कंट्रोल बोर्ड गेलाय, असं निदान करून तो आपली हत्यारं आवरायला लागला.

रेंज दुकानात डिस्प्लेला मांडलेली, स्वस्तात घेतलेली होती, हे खरं. पण शोरूममधल्या रेंजला गॅस जोडलेला नसतो, त्यामुळे ती कधी पेटलेलीच नसायला हवी. नंदनने तावातावाने दुकानात फोन लावला. परत करायची मुदत अजून शिल्लक होती. दुकानवाल्याने सिरियल नंबर विचारला, नंदनने तो वाचून दाखवला. पलीकडे जरा वेळ कीबोर्ड वाजला आणि उत्तर आलं, "सर, आम्ही तुम्हाला विकलेली रेंज ही नाही."

हे सगळं चित्राने आम्हाला फोनवर सांगितलं. आम्हाला म्हणजे माझ्या बायकोला. मी बळवंत, कॅनडातल्या आमच्या या कनाटा गावातल्या टेलिफोनच्या कंपनीतून केव्हाच रिटायर झालो आहे आणि मला फोनवर कोणी काही सांगत नाही. मृणालिनी मात्र इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासायची. लोक बुडालेल्या बेसमेंटमध्ये नसलेले पियानो कसे दाखवतात, हे पाहण्यात तिची उभी नोकरी गेली. ती रिटायर झाली, पण संशय काही रिटायर झाला नाही.

"कोणी बदलली असेल?" मृणालिनीने विचारलं.

चित्रा घुटमळली. फोन स्पीकरवर होता, म्हणून नंदनचा आवाज मलाही ऐकू आला. "कोणी म्हणजे काय काकू? कृतिका!"

२

कृतिका म्हणजे नंदन-चित्राच्या भाड्याच्या टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये राहणारी कॉलेजची मुलगी. बार्शीहून आलेली, शिकता शिकता ग्रोसरीच्या दुकानात काम करणारी, आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात खुर्च्या मांडणारी. नवं घर तयार होईपर्यंत रेंज त्याच टाउनहाउसच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवली होती.

आम्ही आधी नव्या घरी गेलो. घर सुरेख होतं, आणि नंदनने ते किती स्वस्तात सुरेख केलं हे ऐकल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नव्हतं. बिल्डरचं अप्लायन्स पॅकेज नाकारून तेवढं क्रेडिट, म्हणजे किमतीत सूट, घेतलं. स्वयंपाकघरातल्या मधल्या ओट्याचा काउंटरटॉप कुणाच्या तरी मोठ्या स्लॅबचा उरलेला तुकडा. दिवे बिल्डरचे साधे, नंतर स्वतः बदलायचे. टाइल्स, नळ, कपाटांच्या मुठी सगळं सेलमधलं.

"सगळं रवींद्रदादाचं मार्गदर्शन," नंदन म्हणाला. "रेंजसुद्धा त्याच्याकडे आहे त्याच मॉडेलची घेतली. बिल्डरच्या अपग्रेडला हात लावलास तर मैत्री तुटली, असं म्हणाला होता."

रवींद्र म्हणजे आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी आणि घर बांधणाऱ्यांचा गुरू. त्याने वर्षभरापूर्वी पुढच्याच गल्लीत घर बांधलं. तेव्हापासून कॅनडातल्या कोणत्याही मराठी माणसाने पूर्ण किंमत देऊन काही विकत घेतलं, तर त्याला रात्री झोप लागत नसावी.

मृणालिनी रेंजपुढे वाकली. केसातली पिन काढून तिने झाकणाखालचा थर खरवडला आणि नाकाशी नेला.

"दूध," ती म्हणाली.

"चहा केला असेल," मी म्हणालो.

"अहो, एकदा चहा करून कोणी थांबतं का? बाकीचे बर्नर बघा. स्वच्छ. मागच्या स्टीलवर तेलाचा शिंतोडा नाही. आपल्या घरातली एक फोडणी पडली असती तरी इथे कळलं असतं. या रेंजवर एकदाच दूध उतू गेलंय, आणि पुढे काहीच शिजलेलं नाही."

"ते काहीही असो," नंदन म्हणाला. "फसवायला किती हुशारी केलीय बघा. हँडलवरची, पॅनेलवरची प्लास्टिकची फिल्मसुद्धा तशीच ठेवलीय. त्यामुळे मला शंकाच आली नाही."

फिल्म खरंच होती, निळसर, कडेला किंचित उचकटलेली. मृणालिनीने तिच्यावरून बोट फिरवलं आणि चित्राला विचारलं, "दुकानात रेंज तू पाहिली होतीस?"

"मीच निवडली ना. शनिवार होता, कुणाची तरी पोरं ओव्हनच्या दाराला लटकत होती. सगळ्या स्टीलवर बोटांचे ठसे. मी रुमालाने घासून पाहिलं, ओरखडे तर नाहीत ना म्हणून. त्या ठशांवरच तर घासाघीस केली आम्ही."

मृणालिनीने मान डोलावली आणि पिन परत केसात खोवली. मग तिने नंदनला विचारलं की पुढे काय करायचं ठरवलंय.

"थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकएंडला आम्ही रिचमंड हिलला चित्राच्या बहिणीकडे होतो. गॅरेजचा कोड फक्त कृतिकाकडे. तिच्या मित्रांकडे पिकअप ट्रक आहे. नवी रेंज विकली आणि कुठली तरी भंगार आणून ठेवली, एवढं सरळ आहे. मी तिला रविवारपर्यंत मुदत दिलीय. रेंज आणून दे, नाहीतर पोलीस. आणि काल मंडळाच्या दिवाळीच्या प्रॅक्टिसला हॉलमध्ये सगळ्यांना सांगूनच टाकलं. घरात स्टुडंट ठेवताना जपून."

"सगळ्यांसमोर?" मृणालिनीने विचारलं.

"तीही होतीच तिथे. रडत निघून गेली."

चित्रा खिडकीबाहेर बघत होती. मला नंदनचा राग आला. पण त्याच्या जागी मी असतो तर कोणावर संशय घेतला असता, हेही मला सांगता येईना.

३

टाउनहाउसच्या स्वयंपाकघरात खिडकीशी तुळशीची कुंडी होती. मृणालिनीने एक पान चोळून पाहिलं.

"वाचली हो तुळस," ती चित्राला म्हणाली. "आमची त्या लाँग वीकएंडच्या फ्रॉस्टमध्ये डेकवरच गेली."

"नंदनने निघताना आठवणीने आत घेतली, म्हणून. मी तर सामान भरण्यात विसरलेच होते."

चित्राला तिथेच बसवून आम्ही बाजूच्या दाराने खाली गेलो. कृतिका पलंगाच्या कडेवर बसली होती. डोळे सुजलेले, समोर मॅगीचा गार झालेला वाडगा.

"काकू, मी तेव्हा इथे नव्हतेच," ती म्हणाली. "स्कारबरोला मैत्रिणीकडे गेले होते. बसचं तिकीट दाखवलं दादांना. ते म्हणाले, मग मित्रांना कोड देऊन गेली असशील, म्हणजे तुझ्यावर यायला नको."

"दिला होतास?"

"नाही हो! आणि त्यांच्याकडे पिकअप आहे ती पिझ्झा डिलिव्हरीची, तिला रिव्हर्स गिअर पण नीट पडत नाही." ती हसली आणि लगेच पुन्हा रडायला लागली. "माझं लास्ट सेमिस्टर आहे. जानेवारीत वर्क परमिटला अप्लाय करायचंय, मग पीआर, इथे कायम राहायला. पोलीस केस झाली तर सगळं अडकेल. आई-बाबांना काय सांगू? चोरीचा आळ आलाय म्हणून?"

मृणालिनीने तिला रडू दिलं. नंतर हळूच विचारलं, "तुझ्याकडे वरच्या घराची किल्ली आहे का ग?"

"नाही. गॅरेजचा कोड आणि हे बाजूचं दार. गॅरेजमधून वर जायचं दार ते लॉक करून जातात."

"तुझ्या बाजूने कोण आहे?"

"रवींद्रकाका. ते दादांना म्हणाले, पोलिसांत जाऊ नकोस. आणि प्रभामावशी डबा पाठवते रोज. मी सेकंड सेमिस्टरला आजारी होते तेव्हा तिनेच केलं सगळं. तिच्याशिवाय मी इथे टिकलेच नसते."

गाडीत बसल्यावर मृणालिनीने नंदनला फोन लावला. रेंजबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. विचारलं एवढंच की रिचमंड हिलला निघताना तुळस आठवणीने आत घेतलीस का रे.

"तुळस?" नंदन गोंधळला. "नाही बुवा. ते खातं चित्राचं. तिनेच घेतली असेल."

मृणालिनीने फोन ठेवला. "अहो," ती म्हणाली, "चोर तुळस आत ठेवून गेलाय."

४

मला वाटलं होतं की ती आता मला सगळं समजावून सांगेल. तिने मला रवींद्रच्या घराकडे गाडी वळवायला सांगितलं.

रवींद्र आणि प्रभाचं घर पाहायला जावं तर चपलाच काय, श्वासही दाराबाहेर ठेवावा लागतो. सोफ्यावर कव्हर, कव्हरवर चादर. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी, फ्रिजच्या दाराला अजून दुकानातली फिल्म, मायक्रोवेव्हलाही. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला आणि रोजचा स्वयंपाक खाली बेसमेंटमध्ये, जुन्या शेगडीवर. फोडणीच्या वासाने नवी कपाटं खराब होतात म्हणे. लेकीच्या, गौरांगीच्या, वाढदिवसाचा केक प्रभाने गेल्या महिन्यात आमच्या घरी येऊन भाजला होता. स्वतःचा ओव्हन मळू नये म्हणून शेजाऱ्याचा वापरणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

"या काका, काकू," प्रभा म्हणाली. "बरोबर वेळेला आलात. नानकटाई आत्ताच काढलीय."

नानकटाई गरम होती, तोंडात विरघळणारी. मी बशी जवळ ओढली. बायकोच्या तपासात माझा वाटा बहुतेक वेळा एवढाच असतो.

रवींद्रने आपणहून विषय काढला. "मी नंदनला सांगितलंय, पोलीस वगैरे नको. परदेशात एकटी पोर. झाली असेल चूक. माफ करून टाक. नुकसान काय ते मी भरतो म्हटलं, अर्धं."

"तू भरणार?" मृणालिनीने विचारलं.

"आपल्याच माणसाचं आहे, काकू. त्याला रेंज मीच सुचवली ना."

"मन मोठं आहे तुझं." ती उठली, स्वयंपाकघरात गेली, रेंजच्या चकचकीत हँडलवरून तिने हात फिरवला. "नानकटाई छान झालीय ग, प्रभा. याच ओव्हनमध्ये केलीस?"

"हो, मग…" प्रभा म्हणाली, आणि मध्येच थांबली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. रवींद्र चहाच्या कपाकडे पाहत होता.

निघताना मृणालिनी त्याला म्हणाली, "उद्या संध्याकाळी नंदन, चित्रा आणि कृतिकाला इथेच बोलावते. पोलीस नकोत असं तूच म्हणतोस ना. मग तुझ्याच घरी बसून मिटवू."

रवींद्रला नाही म्हणता आलं नाही.

"इथे कशाला?" मी गाडीत विचारलं. "नंदनचं एवढं मोठं घर मोकळं पडलंय."

"चोरीचा माल इथे आहे म्हणून," ती म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्या चादर घातलेल्या सोफ्यावर दाटीवाटीने बसलो. कृतिका दारापाशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"दुधापासून सुरुवात करू," मृणालिनी म्हणाली. "नंदनकडे आलेल्या रेंजवर एकदाच दूध उतू गेलंय. आणखी काही शिजलेलं नाही. नव्या रेंजवर पहिल्यांदा दूध उतू जाऊ द्यायचं आणि मग तिला हातही लावायचा नाही, असं कोण करतं? कॅनेडियन माणूस करत नाही. पिझ्झा डिलिव्हरी करणारी पोरंही करत नाहीत. गृहप्रवेशाला दूध उतू घालवणारं आणि नंतर बेसमेंटमध्ये स्वयंपाक करणारं मराठी घर करतं."

रवींद्र हसला. "काकू, असं तर कनाटात बऱ्याच घरांत चालतं."

"चालतं. म्हणून पुढे बघू. चित्राने दुकानात स्टीलवरचे बोटांचे ठसे रुमालाने पुसले. ठसे स्टीलवर होते, म्हणजे त्या रेंजची फिल्म कधीच निघालेली होती. गॅरेजमधून आलेल्या रेंजवर मात्र फिल्म आहे. नंदन, तुला वाटलं फिल्म आहे म्हणजे रेंज नवी. अरे, निघालेली फिल्म पुन्हा उगवत नाही. ही रेंज अशा घरातली आहे, जिथे दूध उतू घालवतानाही फिल्म काढत नाहीत."

सगळ्यांनी एकदमच फ्रिजकडे पाहिलं. मग मायक्रोवेव्हकडे. मग रेंजकडे. त्या अख्ख्या घरात उघडं स्टील तेवढं रेंजचंच होतं.

"आता तुळस. ती चित्राने आत घेतली नाही, नंदननेही नाही. दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने घेतली. कृतिकाकडे वरची किल्लीच नाही. मग ती स्वयंपाकघराच्या खिडकीत कशी आली? वरची किल्ली असली की घरातून गॅरेजमध्ये उतरता येतं, कोड लागत नाही. चित्रा, वरची किल्ली आणखी कोणाकडे असते?"

चित्राने रवींद्रकडे पाहिलं. "इमर्जन्सीला म्हणून… रवींद्रदादांकडे."

"काकू, पुरे," रवींद्र म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

"पुरेच करते. गौरांगीचा केक माझ्या ओव्हनमध्ये भाजायला लागला, कारण तुझा ओव्हन बंद होता. काल त्याच ओव्हनमधून नानकटाई निघाली. नंदन, दुकानाने सांगितलेला नंबर आहे ना तुझ्याकडे? ओव्हनचं दार उघड. आतल्या चौकटीवर पट्टी असेल."

नंदन उठला. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. तो बराच वेळ वाकून उभा राहिला, मग त्याने दार हळूच बंद केलं.

"हीच आहे," तो म्हणाला. "दादा, तू?"

रवींद्र आधी चिडला, मग त्याने हिशेब मांडला, आणि मग एकदम गळून गेला. रेंज घेतल्यावर वर्षभर ओव्हन लावलाच नव्हता. लावला तेव्हा बंद निघाला. परत करायची मुदत गेलेली, वॉरंटी नाही, आणि दुरुस्तीचा खर्च रेंजच्या अर्ध्या किमतीचा.

"साऱ्या गावाला मी सांगत फिरलो होतो की ओपन बॉक्स, डिस्प्लेवरचा माल घ्या," तो म्हणाला. "माझीच रेंज फसवी निघाली हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो? नंदनची मुदत बाकी होती. तो बंद रेंज परत करेल, त्याला दुसरी मिळेल, असं वाटलं. कोणाचंच नुकसान नव्हतं. दुकानवाले नंबर ताडून बघतील हे डोक्यातच आलं नाही."

"ते राहू दे," मृणालिनी म्हणाली. "कृतिकावर आळ आला तेव्हा तुझ्या डोक्यात काय आलं? तू नंदनला म्हणालास माफ कर. पण 'हिने केलं नाही' असं एकदाही म्हणाला नाहीस. माफ कर म्हणून तू तिला चोर ठरवून टाकलंस."

कृतिका रवींद्रकडे बघत नव्हती. ती प्रभाकडे बघत होती.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

प्रभाने पदराने डोळे पुसले. "ह्यांच्याबरोबर मीच गेले होते. ट्रॉली ढकलायला. तुळस बाहेर गारठून मरायला टेकली होती. बघवेना मला. म्हणून आत ठेवली."

"ती बघवली नाही तुम्हाला," कृतिका म्हणाली. "आणि मला रोज डबा देताना बघत होतात ना?"

मला वाईट वाटलं. त्या पोरीसाठी वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा प्रभासाठीही.

रवींद्र उठून नंदनपुढे गेला. "सॉरी, नंदन. रेंज उद्या सकाळी तुझ्या घरी पोचवतो."

"माफी त्याची नाही, तिची माग," मृणालिनी म्हणाली.

तो कृतिकाकडे वळला. नंदनही उठला. दोघांनी तोंड उघडायच्या आत तिने हात वर केला.

"इथे नको," ती म्हणाली. "आपण सहा जणं आणि काकू, एवढ्यांत सॉरी म्हणाल आणि उद्या सगळं मिटेल. मला चोर म्हटलं ते हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. तिथेच सांगा. दोघांनीही. मी समोर उभी राहीन."

"कृतिका, दिवाळीचा कार्यक्रम आहे तो," रवींद्र म्हणाला. "माणसं काय म्हणतील?"

"मला जे म्हणाली तेच म्हणतील, काका. मी ऐकलंय. ऐकता येतं."

६

रविवारी हॉल गच्च भरला होता. नाट्यगीतं झाली, लहान मुलांचा नाच झाला. जेवणाच्या आधी सेक्रेटरीचे चार शब्द असतात. रवींद्र माइकपाशी गेला आणि खिशातून कागद काढून त्याने तो परत ठेवून दिला.

कृतिका पहिल्या रांगेपुढे उभी राहिली. चित्राने तिचा हात धरायला पाहिलं, तिने तो हळूच सोडवून घेतला.

रवींद्रने सगळं सांगितलं. रेंज त्याने बदलली हे, आणि मुलीवर आळ आला तेव्हा तो गप्प बसला हे. मधे एकदा "गैरसमज झाला" असं म्हणाला, कृतिकाकडे पाहिलं, आणि म्हणाला, "गैरसमज नाही. मी केलं." मग नंदन उठला. त्याला धड वाक्य जुळवता येईना, पण "मी हिला चोर म्हणालो, ती चोर नाही," एवढं त्याने स्पष्ट म्हटलं.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, ते बरंच झालं. कोणीतरी दिवे मोठे केले आणि जेवणाची पानं वाढायला सुरुवात झाली.

मला वाटलं होतं की कृतिका निघून जाईल. ती थांबली. पुरीभाजीच्या टेबलामागे प्रभा डाव घेऊन उभी होती, आणि ती कृतिकाकडे बघत ताट भरून हातात धरून राहिली. कृतिका तिच्यासमोरून गेली, पलीकडच्या रांगेत शेवटी उभी राहिली आणि तिने स्वतःचं ताट उचललं. मृणालिनी आणि मी तिच्यामागे जाऊन उभे राहिलो.